धामणेकरांचा स्वर्ग

२ ऑगस्ट १९६३

अण्णाने दुपारी स्टुडिओतून बोलावणं पाठवलं तेव्हाच कळलं, काम साधं नाही. साधं असतं तर फोटो घरी आले असते. गाल गुलाबी करायचे, साडीला काठ द्यायचा, दागिने पिवळे करायचे आणि परत पाठवायचे. नऊ वर्षं भावाच्या स्टुडिओसाठी तेच करते आहे. 'हे' होते तेव्हा ते फोटो रंगवायचे आणि मी ब्रश धुवायची. आता रंगवते मी आणि ब्रशही मीच धुते.

गेलेल्या माणसांचं काम असलं की मात्र अण्णा गिऱ्हाइकाला माझ्यापुढे बसवतो. त्याच्यापुढे लोक अवघडतात, माझ्यापुढे रडतात. आजचा माणूस रडला नाही. परशुराम धामणेकर नाव. बेळगावकडचे. तिकडे घाटात धरण झालं, त्याच्या कचेरीत नकाशे काढायला होते. आता इथे बदलून आलेत. आमच्याच चामराजपेटेत गंगव्वाच्या मागच्या खोलीत एकटे राहतात. बायको आणि मुलगी तापाने गेल्या.

मी नेहमीचा नमुना दाखवला. संगमरवरी पायऱ्या, कमळांचं तळं, कापसाचे ढग, चमकीचे तारे आणि मधोमध चिकपेटच्या एका रेशीमवाल्याच्या आईचा कापून चिकटवलेला फोटो. हा स्वर्ग लोकांना फार आवडतो. धामणेकरांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ह्या बाई इथं दिवसभर काय करत असतील?"

चेष्टा नव्हती. खरंच विचारत होते.

"आमच्या सोयराला पायऱ्या चढायला लावू नका, बाई. तिला तिच्या घरी बसवा. सातवड्याला."

सातवडे त्यांचं गाव. मी म्हटलं, गावाचा एखादा फोटो आणा, बघून काढते. तर म्हणाले, गावाचा फोटो कुणी काढलाच नाही, आणि आता गाव पाण्याखाली आहे.

अण्णा म्हणाला, "सरी, सरी, करून देऊ." त्याला काय! करायचं मला आहे.

९ ऑगस्ट

धामणेकर गावाचा नकाशा घेऊन आले. कचेरीत छापतात तसला, निळ्यावर पांढऱ्या रेघा. घर म्हणजे चौकोन, विहीर म्हणजे गोल, देऊळ म्हणजे चौकोनावर टिंब. सगळ्या गावाला वळसा घालून एक जाड रेघ गेलेली. मी विचारलं, ही वेस का?

"पाणी इथवर येणार, ती रेघ." मग थोडं थांबून म्हणाले, "मीच ओढली. साहेबांनी उंचीचे आकडे दिले, मी ओढली. हात चांगला होता माझा."

गाव उठवून वरच्या माळावर नेलं तेव्हा कुणी आधी जायला तयार नव्हतं. कचेरीतल्या माणसाचंच घर आधी गेलं म्हणजे बाकीचे जातील, म्हणून ह्यांनी बायकोला समजावलं. नव्या जागी पाणी वाईट निघालं. आधी मुलगी गेली, मग बायको.

"मीच म्हटलो तिला, जागा चांगली आहे. नकाशात चांगलीच दिसत होती ती."

मी उगीच पेन्सिलीला टोक करत बसले.

१७ ऑगस्ट

दोनदा काढलं, दोनदा पुसलं. नकाशावरून घर कुठे आहे ते समजतं, घर कसं दिसतं ते समजत नाही. धामणेकरांना तसं म्हटलं, तर ते उठून फळ्याजवळ आले.

"नकाशात कुणी उभं नसतं, बाई. चित्रात कुणीतरी उभं पाहिजे. कुठं उभं राहून बघायचं ते आधी ठरवा."

त्यांनी फळ्यावर एक टाचणी टोचली, तिला दोरा बांधला आणि दोरा ताणून दाखवला. छपराची कड, कुंपण, वाट, सगळ्या रेघा त्या टाचणीकडे जातात. स्टुडिओच्या पडद्यांवर खांबांच्या रांगा अशाच असतात, 'हे' तसंच काढायचे. पण टाचणी कुठे टोचायची ते आपण ठरवायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. धामणेकरांनी ती आपल्या घराच्या दारात टोचली. वाट चित्राच्या खालच्या कडेपासून निघते आणि दाराशी पोचते.

"येणारा इथून येतो," खालच्या कडेवर बोट ठेवून म्हणाले.

"कोण येणार?"

"येईल कुणीतरी."

आज घरी यायला उशीर झाला. वैनीने ताट झाकून ठेवलं होतं.

३१ ऑगस्ट

नुसत्या रंगाने होईना. जाड पुठ्ठ्यावर छपरासाठी खरं गवत चिकटवलं. भिंतीला लाल माती चाळून खळीत कालवून लावली. सोयराबाईंची एक इरकल साडी त्यांनी आणून दिली, तिचा तुकडा शेत म्हणून लावला. साडीला कात्री लावताना मी त्यांच्याकडे पाहिलं. "कापा," म्हणाले. "ठेवून तरी काय करायचंय?"

मुलीचा फोटोच नाही. नाव भागू होतं, सहा वर्षांची होती. तिला पाठमोरी काढली, अंगणात वाकून काहीतरी वेचते आहे अशी. ते पुढे वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, "वेणी डावीकडं ओढलेली असायची. ती स्वतः घालायची ना." मी वेणी डावीकडे ओढली.

७ सप्टेंबर

आभाळासाठी निळा रंग कालवत होते. मनात आलं, निळा नकाशाच कापून वर लावला तर? विचारायचं धाडस होत नव्हतं, तरी विचारलं. त्यांनी माझ्या हातातून कात्री घेतली आणि स्वतः कापला. पाण्याच्या रेघेच्या आतला सगळा भाग आभाळ म्हणून घरावर लावला.

"बघा," म्हणाले, "पाणी वर गेलं."

त्यांचे डोळे भरले होते असं मला वाटलं. पण मी पाहिलं तोवर त्यांनी तोंड फिरवलं.

अशी गोष्ट मी आजवर केली नव्हती. स्वर्ग म्हणजे काय, मला खरंच माहीत नाही. 'हे' गेले तेव्हा मी त्यांचं असं चित्र केलं नाही. त्यांना कुठे बसवावं तेच सुचलं नव्हतं.

८ सप्टेंबर

वैनी म्हणाली, "आज दुसऱ्यांदा वेणी घातलीस." मी म्हटलं, सुटली होती. ती म्हणाली, "कौसल्या, माझी काही ना नाही. पण तो माणूस कुठे बघतो ते बघ. तुझ्याकडे बघत नाही तो." मला फार राग आला. मी कधी म्हटलं, बघतो म्हणून?

२० सप्टेंबर

सोयराबाईंचा फोटो मिळाला. लग्नानंतर बेळगावात काढलेला, एकच. रुंद कपाळ, ओठ घट्ट मिटलेले, जणू फोटोवाल्यावर रागावली आहे. अण्णा म्हणाला, ह्याची प्रत काढू, प्रत कापू, मूळ फोटो तुमच्याजवळ राहू दे. सगळ्यांना तो तेच सांगतो, कारण एकदा कापला की कापला. धामणेकर ऐकेनात.

"प्रतीत ती नसेल. हाच लावा."

"नंतर पस्तावाल हो."

"नंतर मला नको आहे."

अण्णाने माझ्याकडे पाहून खांदे उडवले. मी कापला. कट्ट्यावर बसवली तिला. तिच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी ठेवा म्हणाले. आईसाठी असेल, त्यांची म्हातारी आई मागेच गेली आहे. तिचाही फोटो आणा म्हटलं, तर "बघू" म्हणाले.

११ ऑक्टोबर

बरेच दिवस लिहिलं नाही. काम चालूच आहे. झालं असतं एव्हाना, पण मलाच पसंत पडत नाही. विहीर दोनदा खरवडली. धामणेकर दर शनिवारी येतात आणि विचारतात, अजून किती? मी म्हणते, स्वल्प राहिलंय. ते म्हणतात, असू दे, घाई नाही, पण नीट होऊ दे. मग बसतात, गावाचं काहीतरी सांगतात. कुणाचा बैल कुणाच्या शेतात घुसला, असलंच.

काल अण्णाने विचारलंच, "विहिरीत काय बुडालंय तुझं?"

२६ ऑक्टोबर

गंगव्वा दारावरच्या भाजीवालीकडे आली होती, तिने सांगितलं, धामणेकरांनी नोकरी सोडली. खाट तिला देऊन टाकली, स्टोव्ह शेजाऱ्याला दिला. "खाली चटईवर झोपतात, अक्का. विचारलं तर म्हणतात, गावाला जायचंय, ओझं कशाला?"

मी म्हटलं, गाव कुठलं? गाव तर बुडालं. मग आठवलं, बेळगावला त्यांची बहीण असते. तिकडे जात असतील. मला मात्र एका शब्दाने बोलले नाहीत.

गंगव्वा म्हणाली, जेवणही सोडल्यासारखंच आहे. वैनी तांदूळ निवडत होती, ती हात थांबवून म्हणाली, "असल्या माणसाला एकटं सोडू नये." टोमणा मलाच होता. मी उठून आत गेले.

९ नोव्हेंबर

धामणेकरांना विचारलं, जाणार आहात म्हणे? "व्हय," म्हणाले. "हे झालं की." चित्र बरोबर नेणार का, तर नाही म्हणाले. अण्णाने ते बांधून बहिणीच्या पत्त्यावर पाठवायचं आहे. स्वतः तिकडेच जायचं आणि चित्र मात्र पार्सलने, हे कसलं? रेल्वेत काच फुटेल अशी भीती असेल.

जाताना दारात थांबून म्हणाले, "आपल्या केंपांबुधी केऱ्याला पाणी किती खोल असेल हो?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी त्या तळ्यात कधी उतरले नाही. धरणाच्या कचेरीतला माणूस, पाणी दिसलं की मोजावंसं वाटत असेल.

घरी येऊन वैनीला गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही. संध्याकाळी अण्णाशी काहीतरी कुजबुजत होती.

१८ नोव्हेंबर

दिवाळी झाली. अण्णा त्यांना फराळाला बोलवायला स्वतः गेला होता, वैनीनेच धाडलं. आले नाहीत. अण्णा खोलीत तासभर बसून आला आणि रात्री न जेवताच झोपला. माझ्यासाठी अण्णाने त्यांना काही विचारलं असेल का, असं एकदा मनात येऊन गेलं. लाज वाटते लिहायला.

३० नोव्हेंबर

आज त्यांनी स्वतःचा फोटो काढून घेतला. लग्नातला कोट घातला होता, खांद्यांवर सैल झालेला. अण्णा म्हणाला, थोडं हसा. ते हसले. मी त्यांना हसताना आज पहिल्यांदा पाहिलं.

मग मला म्हणाले, हा कापून सोयराच्या शेजारी लावा.

मी म्हटलं, "जिवंत माणसाला ह्यात बसवत नाहीत. अशुभ असतं."

"हा स्वर्ग थोडाच आहे, बाई? सातवडे आहे. मी राहत होतो की तिथं."

खरंच आहे ते. गावात माणूस असायचाच. मी हो म्हटलं.

१३ डिसेंबर

त्यांचा फोटो रंगवला. इतकं सावकाश मी कधी रंगवलं नव्हतं. कोटाला तपकिरी, गालाला अगदी थोडा रंग. फार फिकट चेहरा आहे. तरी माझ्याकडून जरा जास्तच लागला असेल.

उद्या चिकटवायचा. परवा ते येऊन बघणार. मग संपलं.

१४ डिसेंबर

काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी त्यांचा फोटो चिकटवला. खांदा सोयराबाईंच्या खांद्याला लागून बसला. छान दिसत होतं. अण्णा एका लग्नाला कॅमेरा घेऊन गेला होता, मी एकटीच होते. बसून बघत राहिले. उद्यानंतर शनिवारी कुणी येणार नाही. माझ्याजवळ त्यांचं काही राहणार नाही. निगेटिव अण्णाकडे आहे, पण कोणत्या तोंडाने मागू?

मला वाटलं, हाच फोटो काढून घ्यावा. जागा मोकळी होती, मोकळीच बरी होती. जिवंत माणूस तिथे नकोच, असं सांगता येईल. कोमट पाण्याचा बोळा लावून कड सैल करायला गेले. सैल होईना म्हणून आणखी पाणी लावलं आणि ओढला. त्यांच्या खांद्याबरोबर तिचा खांदा उठला. घाबरून दाबायला गेले तर बोटाखाली तिचा चेहरा सरकला. कागदावरचा थर साय निघावी तसा निघाला. कापसाने टिपलं, तर कापसावर आला.

कपाळाचा थोडा भाग राहिला आहे. बाकी काही नाही.

त्यांचा फोटो माझ्याजवळ आहे. त्याचंही तोंड फाटलं.

१५ डिसेंबर

ते आले. इस्त्रीचे कपडे, दाढी केलेली. जणू लग्नाला निघालेत. मी चित्रावरचं कापड काढलं आणि बाजूला उभी राहिले.

ते चित्रावर वाकले. मग म्हणाले, "हे काय?"

"मी तुमचा फोटो काढायला गेले."

"का?"

मी कापडाची घडी घालायला लागले.

"का काढायला गेला? कुणी सांगितलं होतं?" ते ओरडायला लागले. मी त्यांचा एवढा आवाज कधी ऐकला नव्हता. अण्णा अंधारखोलीतून धावत आला. धामणेकर पुठ्ठा दोन्ही हातांनी धरून हलवत होते, गवत खाली पडत होतं. "एकच होता! सबंध जगात एकच होता! आता तिचं तोंड कुठंच नाही. माझ्या डोक्यात आहे फक्त. कळतंय का तुम्हाला? ह्या डोक्यात, आणि कुठंच नाही!"

मग एकदम थांबले. फोटो काढायच्या स्टुलावर बसले, दोन्ही हातांनी डोकं धरून, सांडेल की काय अशा भीतीने धरावं तसं. अण्णाने पाणी दिलं. उठले आणि चित्र तिथेच टाकून निघून गेले. माझ्याकडे पाहिलं नाही.

अण्णा खाली पडलेलं गवत गोळा करत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

१८ डिसेंबर

गंगव्वा आली होती. धामणेकर त्या दिवशी सकाळी तिच्या हातात खोलीची किल्ली देऊन गेले होते, परत येणार नाही म्हणून. संध्याकाळी आले ते संतापलेले. किल्ली मागितली. मग तिच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाले, काही खायला आहे का?

"नाचणीचे तीन मुद्दे खाल्ले, अक्का! सारू पुन्हा मागून घेतलं. खाताना रडत होते आणि खात होते. काल खाटही परत नेली."

रागाने भूक लागते म्हणतात. गावाला जाणं रद्द झालेलं दिसतं. मग एवढी तयारी कशाला केली होती? खरंच जायचं होतं की माझ्यापासून सुटायला सांगत होते?

हे ऐकून वैनी उठली, हात धुतले आणि देवापुढे साखर ठेवली. मी विचारलं, आज काय आहे? ती माझ्याजवळ येऊन बसली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बरं झालं ग फाडलंस." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इतकं टोचून ती मला आजवर कधी बोलली नव्हती. मी हात सोडवून घेतला.

२९ डिसेंबर

अण्णाला सांगितलं, गेलेल्या माणसांची कामं मला देऊ नकोस. लग्नाचे फोटो रंगवीन. तो सरी म्हणाला. चित्र मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलं आहे.

धामणेकर मला रस्त्यात दिसले, दोन वेळा. दोन्ही वेळा कोपऱ्यावरून वळून गेले.

२५ जानेवारी १९६४

आज चिकपेटेत गेले होते, वैनीला खण घ्यायचे होते. मच्छरदाण्यांच्या दुकानापुढे धामणेकर उभे होते. मच्छरदाणी हाताने ताणून भोकं बघत होते. मला तोंड चुकवायला जागा नव्हती, त्यांनाही नव्हती.

अंगाने थोडे भरलेत. मी विचारलं, बरे आहात?

"होसकोट्याला काम मिळालं. रस्त्याची मोजणी आहे. तिथं डास फार." मच्छरदाणीची घडी घातली, ती नीट बसेना, पुन्हा घातली. "संध्याकाळी बसून तिला काढतो. पेन्सिलीनं. ओठ जमत नाहीत अजून. रोज काढतो."

मला मान वर करवेना. माणसाला एवढ्या शिक्षेत टाकलं मी. रोज उठून बायकोचं तोंड आठवायचं, रोज ते चुकायचं.

मग म्हणाले, "तुमच्यामुळं राहिलो मी, बाई."

राहिलोच ना. गावाला, बहिणीकडे, आपल्या माणसांत गेले असते. माझ्यामुळे इथे राहिले, होसकोट्याला, डासांत, परक्यांत. बाजारातली माणसं धक्के देत होती. मी तिथेच हात जोडले आणि म्हटलं, "मला माफ करा."

ते माझ्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच असं, सरळ माझ्याकडे.

"माफी मागू नका," म्हणाले, आणि मच्छरदाणी काखेत घालून गर्दीत गेले.

आल्यापासून तेच डोक्यात घोळतं आहे. माफीसुद्धा घेतली नाही त्यांनी.